किमो आणि तोंड

आज दिवसभर भाच्याजवळ दवाखान्यात होतो, ताईला जरा झोप मिळावी म्हणून. ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरची किमो (केमोथेरपी) चालू आहे. केस जाणार हे सगळ्यांना माहीत असतं, पण तोंडाचं कुणी बोलत नाही राव. ओठाच्या आत, जिभेच्या कडेला पांढरट चट्टे, भोवतीनं लालभडक, थुंकी गिळताना पण पोराच्या डोळ्यात पाणी. सिस्टरनी समजावलं की किमो भराभर वाढणाऱ्या पेशी मारते आणि तोंडाच्या आतली कातडी पण तशीच भराभर नवी होत असते म्हणून तिलापण मार बसतो, डोसनंतर साधारण आठवड्याभरात सुरू होतं आणि पुढं दोन-तीन आठवड्यांत बहुतेक भरून येतं. तोवर एकदम मऊ ब्रश, मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या पाण्याच्या गुळण्या, अल्कोहोलवालं माउथवॉश बंद.

आणि साहेब मागतायत काय, तर मिसळ! कोल्हापूरचं पोरगं, दुसरं काय मागणार. शेवटी गार केलेली तांदळाची पेज चमच्या-चमच्यानं घेतली, तीपण "मामा, मीठ नको, झोंबतंय" म्हणत.

शेजारच्या काकूंचा फोन, हळद-मध लावा म्हणून. माया कळते हो, पण डॉक्टरना विचारल्याशिवाय काय लावायचं नाही, जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असताना त्या फोडांतनंच जंतू रक्तात जाऊ शकतात. ताप आला तर रात्र असली तरी थेट दवाखाना.

कुणाच्या पोराची किमो सुरू व्हायची असेल तर आधी दात दाखवून घ्या, किडका असेल तर तेव्हाच उरकतात. लहान वयात किमो झाली की पक्क्या दातांची मुळं आखूड राहू शकतात, म्हणून नंतर पण दाखवत राहायचं.