तेवढं मशीन बंद करू नका

फोनवरचा तंत्रज्ञ घाबरला होता, तरी त्याने कामाची गोष्ट आधी सांगितली. "सर, पहिल्या मशीनमध्ये नवीन फाइल टाकली, बंद करून चालू केलं, तर वजनं काहीच्या बाही यायला लागली. दुसऱ्यातही तीच फाइल टाकलीय, पण ते अजून बंद केलेलं नाही. ते बरोबर चाललंय."

"मग ते बंद करू नका," मी म्हणालो. "कुणालाच करू देऊ नका. स्विचजवळ माणूस उभा करा. मी निघालोच."

ही वजन करून पिशव्या भरणारी मशीन. प्रत्येकात चार लोडसेल, म्हणजे वजनाचा विजेचा सिग्नल करणारे सेन्सर, आणि एक कार्ड, कार्डावर अल्टेराच्या मॅक्स टू मालिकेतली ईपीएम ५७० ही सीपीएलडी, म्हणजे हवं ते सर्किट आत भरता येणारी चिप. या चिपच्या पोटात दोन वेगळ्या फ्लॅश मेमरी, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या, असतात. मोठीत सर्किटची रचना असते, तिला सीएफएम म्हणतात. दुसरी छोटी, यूएफएम, म्हणजे वापरणाऱ्याच्या माहितीसाठी ठेवलेली जागा. तिच्यात ८,१९२ बिट मावतात, म्हणजे १६ बिटांचे ५१२ शब्द, दोन सेक्टरमध्ये विभागलेले. कार्ड बनवणाऱ्यांनी या जागेत चारही लोडसेलचे झिरो (वजन नसतानाचं वाचन) आणि स्पॅन (वजनागणिक वाचन किती वाढतं तो आकडा), कार्डाचा सिरियल नंबर आणि चेकसम (आकडे शाबूत आहेत का ते ताडणारा आकडा) ठेवला होता. कॅलिब्रेशनच्या वेळी निघालेले हे आकडे प्रत्येक कार्डाचे वेगळे. प्रमाणपत्रावर फक्त वजनांची वाचनं असतात, हे आकडे नसतात.

गेट बंद होण्याचा सिग्नल थोडा उशिरा जात होता, तेवढ्यासाठी सर्किट बदलायचं होतं. पुरवठादाराने अख्ख्या चिपची एकच फाइल पाठवली होती आणि तिच्यातला यूएफएमचा भाग कोरा होता. चिपमध्ये फाइल लिहिणाऱ्या प्रोग्रामर सॉफ्टवेअरच्या खिडकीत फाइलच्या नावाखाली सीएफएम आणि यूएफएम अशा दोन वेगळ्या ओळी दिसतात, पण वरच्या ओळीवर टिक केली की खालच्या दोन्हींवर आपोआप पडते. सूचनेच्या कागदावर वरच्या ओळीवर टिक करा असंच छापलं होतं. तंत्रज्ञाने कागदाबरहुकूम काम केलं, त्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता.

कोऱ्या फ्लॅशमधला प्रत्येक बिट १ असतो. त्यामुळे पहिल्या मशीनच्या पडद्यावर झिरोच्या जागी ६५,५३५ हा आकडा ठाण मांडून बसला होता.

मग दुसरं मशीन बरोबर कसं चाललं होतं? मॅक्स टूमध्ये रिअल-टाइम आयएसपी नावाची सोय आहे. आयएसपी म्हणजे चिप कार्डावरच असताना तिच्यात लिहिणं. चिपचं सर्किट प्रत्यक्षात चालतं ते तिच्या एसरॅममधून, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीतून, आणि वीज आली की फ्लॅशमधली रचना एसरॅममध्ये उतरते. रिअल-टाइमची खूण केली असेल तर नवीन रचना फ्लॅशमध्ये लिहिली जात असताना जुनी एसरॅममध्ये चालूच राहते. बदल अमलात येतो तो पुढच्या वेळी वीज जाऊन आल्यावर. या कार्डाच्या सर्किटमध्ये वीज येताच यूएफएममधले झिरो आणि स्पॅन रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपमधल्याच तात्पुरत्या जागेत, वाचून ठेवायची व्यवस्था होती. म्हणजे जणू मूळ वही जळाली होती, पण तिच्यातून उतरवून घेतलेला कागद अजून टेबलावर होता. वीज असेपर्यंतच.

मी पोचलो तेव्हा तिथल्या सगळ्यांचं एकच म्हणणं: आधी जेटॅगने, म्हणजे चिप वाचायच्या-लिहायच्या केबलच्या जोडणीने, चिप वाचून बघा, खरंच कोरी झालीय का. म्हणणं चुकीचं नव्हतं, पण याच पायरीवर सगळं गेलं असतं. रिअल-टाइमची खूण न करता चिप वाचायला घेतली की चिप आयएसपी मोडमध्ये जाते, पिनांवरचा तिचा ताबा सुटतो, आणि मोडमधून बाहेर पडताना फ्लॅशमधली रचना नव्याने एसरॅममध्ये उतरते. म्हणजे बंद-चालू केल्यासारखंच. खूण करून वाचता आलं असतं, पण ज्या उत्तराने पुढचं काहीच बदलणार नव्हतं त्यासाठी जोखीम कशाला? जेटॅगची केबल लावलेलीच होती. ती काढायलाही मी कुणाला हात लावू दिला नाही.

वाट एकच होती. कार्डावरचा शेजारचा मायक्रोकंट्रोलर (छोटा संगणक-चिप) एसपीआयवरून, म्हणजे दोन चिपना जोडणाऱ्या चार तारांवरून, दर फेरीला चिपकडून वजनाची वाचनं मागायचा आणि त्यांच्यासोबत झिरो-स्पॅनही. न बदलणारे आकडे दर फेरीला का मागायचे, हे मला आजही पटत नाही. त्या दिवशी मात्र त्या डिझाइनरचे मनातल्या मनात आभार मानले. आपण फक्त कान लावायचा होता.

लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर घेतला, म्हणजे ग्राउंडच्या वाटेने नको ते काही कार्डात शिरायला नको. आधी लॉजिक अॅनलायझरची (तारांवरचे सिग्नल टिपणाऱ्या उपकरणाची) ग्राउंडची क्लिप, मग क्लॉक, डेटाच्या दोन तारा आणि चिप सिलेक्ट. टेस्ट पॉइंट इतके जवळजवळ होते की एक क्लिप घसरून शेजारच्या ३.३ व्होल्टला लागली असती तर खेळ खलास. प्रत्येक क्लिपला आधीच टेप गुंडाळून फक्त टोक उघडं ठेवलं. लावताना कुणी बोललं नाही.

फ्रेम, म्हणजे एकेका फेरीचे आकडे, यायला लागल्या. वाचनं हलत होती, स्थिरांकांचे आठ शब्द मात्र प्रत्येक फ्रेममध्ये तेच. चारही स्पॅन एकमेकांच्या आसपास, झिरो विखुरलेले. असंच असायला हवं. तरी एवढ्यावर विश्वास ठेवायचा नव्हता, म्हणून चालू मशीनवरच प्रमाणित वजनं एकेक करून ठेवली आणि चारही लोडसेलची वाचनं कागदावर उतरवली.

सिरियल नंबर रजिस्टरमध्ये नव्हता, तो स्टिकरवर होता. चेकसमची रीत कार्डाच्या कागदपत्रांत होती. सगळे शब्द जुळवून यूएफएमची फाइल बनवली आणि आधी पहिल्या मशीनच्या कार्डावर लिहून पाहिली. त्यात गमवायला काही उरलं नव्हतं आणि नवीन सर्किट आलेलंच होतं. रंगीत तालमीला इतकं सोयीचं कार्ड कुठून मिळणार! मात्र या चिपच्या फ्लॅशची हमी पुसून-लिहिण्याच्या १०० फेऱ्यांचीच असते, तेव्हा हात राखून. पहिल्या वेळी प्रत्येक शब्दातले दोन्ही बाइट उलटे आले. क्रम फिरवला, पुन्हा लिहिलं, अॅनलायझरवर आठही शब्द हुबेहूब.

मग दुसरं मशीन थांबवलं. टिक फक्त यूएफएमवर, सीएफएमची काढलेली. लिहिलं, पडताळलं, वीज बंद केली, चालू केली. तीच वजनं पुन्हा ठेवली. वाचनं कागदावरच्या आकड्यांशी जुळली, शेवटच्या अंकात होणारी नेहमीची हालचाल सोडली तर. गेटचा उशीरही गेला होता.

पहिल्या मशीनला इलाज नव्हता. ते वजनं लावून नव्याने कॅलिब्रेट करावं लागलं.

उरलेल्या मशीनांचं काम मग सोपं झालं. आधी चिप वाचून फाइल जपून ठेवायची, नंतर फक्त सीएफएम लिहायचा. चिप कुणी वाचू नये म्हणून असलेला सिक्युरिटी बिट लावलेला असला तरी मॅक्स टूमध्ये यूएफएम जेटॅगने वाचता येतो, त्या बिटाचं संरक्षण फक्त सीएफएमला असतं. त्या फायली चाळताना दिसलं की दुसऱ्या सेक्टरमध्येही काहीतरी आहे. ते आधीच्या कॅलिब्रेशनचे आकडे निघाले. बनवणाऱ्यांनी ठेवले होते, कागदपत्रांत मात्र त्यांचा उल्लेख नव्हता. सर्किट तो सेक्टर वाचतच नसल्याने ते एसपीआयवर कधी आले नसते. वाचवलेल्या कार्डाची ती जुनी नोंद कायमची गेली, आणि मशीनच्या नोंदवहीत मी तसं लिहून सही केली.