सहा वर्षांचा रॉबी आणि ऑक्सफर्डचे कला-इतिहासकार

येथील, म्हणजे ऑक्सफर्डच्या, ॲशमोलियन संग्रहालयात प्रवेशशुल्क नसल्यामुळे पावसाच्या दिवशी माझी पावले हमखास तिकडे वळतात. तेथील फ्रेंच चित्रांच्या अभ्यासात ज्यांनी आयुष्याची अनेक वर्षे घालवली, ते कला-इतिहासकार जॉन व्हाइटली हे एके काळचे गाजलेले बालकलाकार होते, ही गोष्ट मला २०२० साली त्यांच्या निधनानंतर कळली. मग मी त्यांचा पहिला चित्रपट, १९५२ सालचा ‘हंटेड’, माझ्या मुलाला शेजारी बसवून पाहिला.

चार्ल्स क्रायटन दिग्दर्शित या चित्रपटाचा नायक तसा डर्क बोगार्ड; पण माझ्या लेखी तो चित्रपट सहा वर्षांच्या अनाथ रॉबीचाच आहे. लंडनमधल्या दत्तक आईवडिलांच्या घरी त्याच्या हातून किरकोळ आग लागते आणि पूर्वी खाल्लेल्या माराच्या आठवणीने ते पोर घर सोडून धाव घेते. महायुद्ध संपून सात वर्षे झाली तरी शहरात बाँबहल्ल्यात पडलेल्या इमारती तशाच होत्या. तशाच एका पडक्या घरात तो लपायला शिरतो, तो समोर ख्रिस लॉइड (बोगार्ड) हा नुकताच खून केलेला माणूस आणि शेजारी प्रेत! साक्षीदाराला मोकळे सोडण्याची सोय नसल्याने लॉइड त्यालाही बरोबर घेतो आणि पोलिसांचा ससेमिरा चुकवत दोघे स्कॉटलंडच्या दिशेने निघतात.

लॉइड आरंभी त्याच्याशी तुटकपणेच वागतो. तरीही रॉबी त्याची साथ सोडत नाही, याचे मला प्रथम नवल वाटले. पण ज्या मुलाच्या वाट्याला घरातही प्रेम आले नाही, त्याला खेकसणाऱ्या माणसाचीसुद्धा सोबत वाटत असेल, हे हळूहळू ध्यानात आले आणि पोटात तुटले. रॉबी झालेल्या व्हाइटली यांच्या चेहऱ्यावर अभिनयाचा लवलेशही दिसत नाही. पुढे ‘द किडनॅपर्स’साठी त्यांना बालकलाकारांचे विशेष ऑस्कर मिळाले, आणखी मोजके चित्रपट करून ते शिक्षणाकडे वळले व ऑक्सफर्डमध्येच रमले.

शेवटी चोरलेल्या मासेमारी बोटीतून लॉइड आयर्लंडकडे निघतो आणि सुटका टप्प्यात आली असताना रॉबी आजारी पडतो. किनाऱ्यावर पोलीस वाट पाहत असणार, हे पुरते ठाऊक असूनही तो बोट माघारी वळवतो आणि मुलाला दोन्ही हातांवर घेऊन धक्क्यावर उतरतो.

तोवर ‘पोलीस पकडतील का?’ हे एकच पालुपद लावून बसलेल्या माझ्या मुलाने या वेळी निराळेच विचारले, “आई, रॉबीला आता परत त्याच घरी पाठवतील का?” मला उत्तर देता आले नाही. त्याने तो धक्क्यावरचा प्रसंग पुन्हा लावायला सांगितला.