कांदा आणि मोझार्ट

शनिवार, रात्र

संध्याकाळी आम्ही दोघं घराजवळच्या चर्चमध्ये पियानोच्या कार्यक्रमाला गेलो होतो. दोन पियानो, वाजवणारे नवरा-बायको, आणि जमणारे सगळे पैसे मिरगीवरच्या संशोधनाला. आपल्याकडे मंडळाच्या मदतीसाठी नाटकाचा चॅरिटी शो लावतात आणि तिकिटं ओळखीपाळखीच्या लोकांच्या गळ्यात मारतात, लंडनमध्येही काही वेगळं नाही. आमच्या विभागातल्या रिसेप्शनवरच्या बाईंनी मला दोन खपवली. मी दिवसभर लोकांचे ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचे आलेख, काढते, त्यामुळे नाही म्हणायला तोंडच नव्हतं. नवऱ्याने फक्त ‘मध्ये चहा आहे ना?’ एवढं विचारून घेतलं.

चर्चकडे दोन ग्रँड पियानो कुठून असणार? एक त्यांचा होता, दुसरा एका दुकानदाराने फुकट दिलेला. ने-आण आणि ट्यूनिंगचा खर्च तेवढा आयोजकांचा. दोन्ही पियानो एकाच पट्टीत, एकमेकांशी जुळवून लावावे लागतात. म्हणून दुपारपासून हीटर चालू ठेवले होते. ज्या उबेत लावले त्याच उबेत वाजले पाहिजेत. पियानो एकमेकांच्या कुशीत शिरल्यासारखे मांडले होते आणि एकाचं झाकण काढूनच ठेवलं होतं, नाहीतर आवाज उलट्या दिशेला गेला असता. वाजवणारे समोरासमोर, पण मध्ये पियानोंची लांबी. हात दिसत नाहीत, फक्त चेहरे दिसतात.

सुरुवातीला समितीचे एक आजोबा बोलायला उभे राहिले. पहिली रचना मोझार्टची, दोन पियानोंसाठीचा डी मेजर सोनाटा, त्याच्या रचनांच्या यादीत क्रमांक के. ४४८. तो १७८१ साली स्वतः मोझार्ट आणि त्याची शिष्या योझेफा आउर्नहामर यांनी व्हिएन्नात वाजवला होता. इथपर्यंत ठीक. मग म्हणाले, ‘याच संगीताने फिट्स कमी होतात हे विज्ञानाने सिद्ध केलंय.’ टाळ्या पडल्या. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी चर्चच्या छताकडे बघत राहिले.

या सोनाट्याचा इतिहास मजेशीर आहे. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी ३६ कॉलेजच्या मुलांना तो दहा मिनिटं ऐकवला आणि आकृत्यांची कोडी दिली. मुलांना थोडे जास्त गुण पडले, तेही पंधराएक मिनिटांपुरते. यातून ‘मोझार्ट ऐकवा, मूल हुशार होईल’ असा धंदा उभा राहिला. जॉर्जियाच्या गव्हर्नरने तर नवजात बाळांना सीडी वाटायला सरकारी पैसे मागितले. मिरगीचं प्रकरण १९९८ चं. एका अमेरिकन डॉक्टरांनी हा सोनाटा ऐकवत ईईजी काढले आणि २९ पैकी २३ वेळा स्पाइक, म्हणजे आलेखात मध्येच उसळणारी टोकं, कमी झालेले दिसले. २०२१ मध्ये मेंदूच्या आत इलेक्ट्रोड बसवलेल्या १६ रुग्णांवर तसंच काहीसं दिसलं. आणि २०२३ मध्ये व्हिएन्नातल्याच संशोधकांनी मिरगीवरचे हे सगळे अभ्यास एकत्र तपासून सांगितलं, की अभ्यास फार लहान आहेत, दावा करण्याजोगा पुरावा नाही. मोझार्टच्या कर्मभूमीतूनच हा निकाल यावा!

स्पाइक म्हणजे फिट नव्हे, हेही या गडबडीत कुणी सांगत नाही. आणि आमच्या रोजच्या कामातली गोष्ट सांगते. डोक्याला पेस्ट लावून तारा जोडल्या, खोलीत अंधार केला, की रुग्ण पेंगायला लागतो. पेंग आली, झोप लागली, की बऱ्याच जणांचे स्पाइक वाढतात. आम्ही तर मुद्दाम रात्रभर जागून यायला सांगतो, म्हणजे जे लपलंय ते कागदावर यावं. (कागद म्हणायची सवय, आता सगळं स्क्रीनवरच.) आता अशा माणसाच्या कानात खणखणीत दोन पियानो सुरू केले तर तो जागा होईल आणि स्पाइक कमी होतील. यात मोझार्ट किती आणि जाग किती? हे वेगळं काढायचं तर दुसरं संगीत, नुसता गोंगाट, शांतता, सगळं करून बघायला हवं, आणि तेही पुष्कळ लोकांवर.

मला कांदा आठवला. माझ्या मोठ्या आत्याला फिट्स यायच्या. आली की घरात धावपळ, कांदा फोडून नाकाशी धरायचा, कुणी चप्पल हुंगवायचं. दोनेक मिनिटांत आत्या सैल पडायची आणि आजी म्हणायची, बघा, कांद्याने उतरली. बहुतेक फिट्स दोनतीन मिनिटांत आपल्या आपणच थांबतात, त्यामुळे कांदा दरवेळी पास. तिला कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये, घड्याळ बघावं आणि पाच मिनिटांवर गेली तर दवाखाना गाठावा, हे सांगणारं कुणी नव्हतं.

तिचं लग्न हा आजार लपवून झालं. हिंदू विवाह कायद्यातल्या लग्नाच्या अटींमध्ये १९७६ च्या दुरुस्तीने वेडाच्या झटक्यांशेजारी मिरगीही बसवली होती. ती निघाली १९९९ च्या दुरुस्तीत. म्हणजे तिची भीती नुसती लोकलाजेची नव्हती. फिट्सवरच्या गार्डिनलच्या गोळ्या ती सासरी डाळीच्या डब्यात ठेवायची. माहेरी आली की माझी आई तिला पुढच्या महिन्यांच्या बांधून द्यायची, लाडवांबरोबर.

असो. मोझार्ट सुरू झाला आणि हे सगळं डोक्यातून गेलं. एक वाक्य इकडून, तेच तिकडून, मग दोघं मिळून. जुगलबंदी म्हणावंसं वाटतं पण ती नव्हे, इथे सगळं लिहिलेलं. गंमत अशी की लिहिलेलं असूनही थट्टा चालल्यासारखं वाटत होतं. ती सुरू करताना श्वास घ्यायची तो तिसऱ्या रांगेत ऐकू यायचा, आणि तो त्या श्वासावर हात टाकायचा.

मध्यंतरात चहा, केक, आणि एक तरुण संशोधक मुलगी. पाचच मिनिटं बोलली. जगात सुमारे ५ कोटी लोकांना मिरगी आहे, त्यातल्या साधारण एकतृतीयांश लोकांच्या फिट्स गोळ्यांनी आटोक्यात येत नाहीत, आणि का येत नाहीत यावर तिचं काम आहे. आजच्या पैशांतून कुठलंही औषध निघणार नाही, हे तिने सरळ सांगितलं. अशा छोट्या निधीतून सुरुवातीच्या चाचण्या होतात आणि त्यांच्या आकड्यांवर मोठ्या अनुदानाचा अर्ज करता येतो, एवढंच. आजोबांच्या दाव्यावर ती एक अक्षर बोलली नाही. माझ्या मते बोलायला हवं होतं. पण खोक्यात नोटा पडत असताना कोण बोलणार, हेही खरं.

उत्तरार्ध शुबर्टचा. एफ मायनर फँटसी, एकाच पियानोवर चार हात. १८२८ सालची रचना, त्याच नोव्हेंबरात तो गेला, वय ३१. आता दोघं एकाच पियानोशी खेटून बसलेली. खालच्या सुरांकडे बसतो तो पेडल सांभाळतो, म्हणजे वरची धून तिची, पण ती किती वेळ रेंगाळणार हे त्याच्या पायावर. कधी तिचा डावा हात त्याच्या उजव्याखालून जायचा. सुरुवातीची धून शेवटाकडे परत आली तेव्हा माझ्या घशात काहीतरी दाटलं. मोझार्टने मी हसले होते. यातलं काही ईईजीवर दिसलं नसतं आणि दिसायची गरजही नाही. या दोघांचं वाजवणं औषध ठरलं नाही म्हणून त्याचं काय कमी होतं? लोकांना तिकिटापुढे कारण लागतं हे कळतं मला. पण कारण होतंच की, दारात खोकं ठेवलं होतं. संगीताच्या डोक्यावर दवाखान्याचं ओझं कशाला?

निघताना गिफ्ट एडचं पाकीट भरलं. इथे कर भरणाऱ्याने नाव-पत्ता लिहिला की सरकार प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स वर घालतं. नवऱ्याने अक्षर चांगलं म्हणून स्वतः लिहिलं आणि पोस्टकोड दोनदा तपासला.

टेबलावर त्या मुलीची पत्रकं होती. मिरगी नसलेल्या लोकांचे ईईजीही त्यांना हवे आहेत, तुलनेसाठी. मी मूठभर उचलून आणली. पुढच्या शनिवारी आमच्या मराठी मंडळाची दिवाळी आहे, फराळाच्या टेबलाशी ठेवीन म्हणते. कुणीतरी आवाज खाली करून विचारणारच, ‘तुमच्या घरात कुणाला आहे का गं?’ आत्याला होती, असं सांगणार आहे. आई व्हिडिओ कॉलवर असली तरी.