सत्तरीच्या डोंगरातली गुहा, माझा अनुभव

गोव्यात गुहा म्हटलं की लोक हरवळ्याला जातात. तिथली पांडवांची लेणी छानच आहेत, पण ती जांभ्या दगडात माणसानं कोरलेली आणि गाडी पार जवळ जाते. आम्हाला बघायची होती ती पाण्यानं कोरलेली. मित्राच्या आजोळी सत्तरी तालुक्यात, वरच्या सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, कडेला अशी एक आहे हे लहानपणापासून ऐकत होतो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, रीलवाले पोचले की तिथल्या वाघळांचं काय होईल ते सांगायला नको.

खरा वेळ गेला तो तयारीतच. हा पट्टा म्हादई अभयारण्यात येतो, १९९९ पासून, त्यामुळे आमच्याच मामाचं रान म्हणून घुसता येत नाही, वनखात्याला अर्ज करायचा, सगळ्यांची आधार कार्डं, सोबत कोण, परत कधी येणार, सगळं लिहून द्यायचं. मग महिना कुठला धरायचा त्यावर वाद. पावसात तर आतून पाणीच वाहतं, आणि डिसेंबर ते मे माकडतापाचा सीझन. हा ताप गोचिडीच्या चाव्यानं होतो, २०१५ पासून सत्तरीत त्याच्या केसेस आहेत, त्यामुळे कोणी हसण्यावारी नेलं नाही. शेवटी नोव्हेंबर धरला. फुल बाह्यांचे शर्ट, पँट मोज्यात खोचलेली, बाईकची नको म्हणून बांधकामावरची हेल्मेटं, आणि प्रत्येकाकडे दोन टॉर्च, शिवाय जादा सेल. मोबाईलचा लाईट मोजायचा नाही असं आधीच ठरलेलं.

पुढे मामा. पायात साधी चप्पल, हातात कोयता, आणि आम्ही ब्रँडेड शूज घालून त्यांच्या मागे धापा टाकत. काजूची बाग संपली की राखणदाराचा, म्हणजे रान राखणाऱ्या देवाचा, दगड लागतो, तिथं मामांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, ह्या भुरग्यांक (पोरांना) सांबाळ म्हणाले. आमच्यातला कट्टर नास्तिकसुद्धा टोपी काढून उभा होता. पुढचा चढ मात्र अक्षरशः हातापायांवर, आणि मामांचं एकच पालुपद, "हात खंय घालता तें पयलीं पळय," म्हणजे हात कुठे घालतोस ते आधी बघ. का ते थोड्या वेळानं कळलं, मी धरणार होतो त्याच फांदीच्या बाजूला हिरवागार चापडा, विषारी साप, वेटोळं घालून बसला होता, पानापेक्षा वेगळा दिसतच नव्हता. त्यानं ढुंकूनही बघितलं नाही, आम्ही लांबून वळसा घातला.

गुहेचं तोंड बघून पहिली प्रतिक्रिया, एवढंच? कमरेएवढं भोक, पुढे रानकेळी. सड्यावरचा जांभा वरून टणक असतो, खाली मऊ चिकट माती, वर्षानुवर्षं पावसाचं पाणी खाली मुरतं आणि ती माती धुऊन नेतं, वरचं छप्पर तसंच राहतं. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो म्हटल्यावर पोकळी व्हायला काय उशीर! आत शिरताना सुरुवातीला पोटावर सरपटत जावं लागतं, हेल्मेट छताला खरखर घासतं आणि पुढच्याच्या बुटांचे तळवे सोडून काही दिसत नाही. मला बंद जागेची भीती नाही असं मी समजत होतो, पण तिथं मधेच पुढचा थांबला तेव्हा छातीत जे धडधडलं ते सांगता येत नाही. मग एकदम जागा मोकळी होते, उभं राहता येतं, दगडाला घाम फुटल्यासारखं पाणी आणि नाकात झोंबणारा वाघळांच्या विष्ठेचा वास. मास्क नेले होते ते इथं कामाला आले, कारण त्या सुक्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना वाईट.

जमिनीवर साळिंदराचे काटे पडलेले, काळे-पांढरे, पेन्सिलएवढे. भिंतीवर एक चपटा प्राणी, कोळ्यासारखा, पण पुढचे दोन पाय दोऱ्यासारखे लांब, तो ते हळूहळू फिरवून आमचा अंदाज घेत होता. पुण्याहून आलेला मित्र विंचू म्हणून किंचाळला, पण नांगी कुठाय? काही करत नाही तो, मामा म्हणाले.

पुढच्या दालनात छताला वाघळं लटकलेली, शेकड्यांनी असावीत. टॉर्च वर गेला तशी कुजबुज सुरू झाली आणि दोनचार सुटली. आणखी आत वाट जाते, आमच्यातल्या दोघांना जायचंच होतं, पण मामांनी सरळ नाही म्हटलं आणि मला ते शंभर टक्के पटलं. एवढ्या वाघळांना उठवून आपण काय मिळवणार? फोटोसुद्धा फ्लॅश न मारता काढले, म्हणजे आलेच नाहीत. मित्र अजून कुरकुरतो, कुरकुरू दे.

खाली आल्यावर मामींनी अंगणातच कपडे बदलायला लावले, ते थेट उकळत्या पाण्यात, आणि एकमेकांच्या कानामागे, काखेत गोचिडी बघणं झालं. दोन सापडल्या, चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढून काढल्या. पुढचे काही दिवस कोणाला ताप आला तर डॉक्टरला पहिल्यांदा रानात गेलो होतो हे सांगायचं ठरलं. कोणाला आला नाही, माझे कोपर तेवढे सोलपटले.