पाऊस, सुट्टी आणि गोल्फ

आज सुट्टी आणि बाहेर पाऊस, मग काय, दिवसभर लोळत २०२५ च्या गोल्फ सीझनचे हायलाइट्स बघत बसलो. बायको म्हणे, माणसं नुसती चालतायत, ह्यात बघायचं काय? आता कसं सांगू!

रोरी मॅकिलरॉयने मास्टर्स जिंकली हे सगळ्यांना माहितीच आहे, ११ वर्षांनी मेजर (गोल्फच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी एक), करिअर ग्रँड स्लॅम (चारही मेजर कधी ना कधी जिंकणं) वगैरे. स्कॉटी शेफलरने पीजीए चॅम्पियनशिप आणि ब्रिटिश ओपन ह्या दोन्ही मेजर खिशात टाकल्या, पण गडी इतका थंडपणे जिंकतो की मला तरी कंटाळा येतो (मारा मला).

खरी मजा अमेरिकेतल्या ओकमाँट कोर्सवर. यूएस ओपनचा शेवटचा दिवस, जे. जे. स्पॉनच्या पहिल्या ६ होल्समध्ये ५ बोगी (ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक जास्त), त्यात एक बॉल झेंड्याच्या काठीला आपटून चक्क ग्रीनबाहेर (होलभोवतीच्या बारीक गवताबाहेर) घरंगळत गेला, म्हटलं संपला हा, तेवढ्यात पावसाने खेळ थांबला आणि परत आला तो भाऊ पेटूनच, १८व्या होलवर ६४ फुटांवरून पट (ग्रीनवरचा घरंगळता फटका) आत!! अख्ख्या फील्डमध्ये पारच्या (कोर्सच्या ठरलेल्या फटक्यांच्या) खाली हा एकटा, तेही फक्त एका फटक्याने.

आणि टॉमी फ्लीटवूड! पीजीए टूरवर (अमेरिकेतली मुख्य व्यावसायिक स्पर्धामालिका) इतकी वर्षं हुलकावणी, आणि पहिला विजय थेट टूर चॅम्पियनशिप, १ कोटी डॉलर. केस पण काय मस्त आहेत राव त्याचे.