कोचीत मिळालेले सहा तास

मुंबईहून निघालेली आमची क्रूझ आज सकाळी कोचीला लागली. रिक्षा केली आणि आधी फोर्ट कोची गाठलं. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. १५२४ साली तो कोचीतच वारला, पुढे अस्थी पोर्तुगालला नेल्या. त्या रिकाम्या कबरीपाशी बराच वेळ उभी राहिले.

पण जीव रमला तो चिनी जाळ्यांपाशी. लांबलचक लाकडी दांडे, मागे दोरांना टांगलेले मोठाले दगड. चार-पाच जणांनी ओढ दिली की अख्खं जाळं ठिबकत पाण्यातून वर येतं. एका कोळीदादांनी मलाही दोर धरू दिला. तळहात अजून हुळहुळतायत! निघालं काय, तर मूठभर मासळी आणि एक खेकडा. त्यांनी लगेच जाळं परत खाली सोडलं. आमच्या मालवणची रापण (किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं जाळं) आठवली, डोळे भरून आले.

मट्टांचेरीचं १५६८ सालचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शनिवारमुळे बंद. तिथल्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा बघायच्या फार मनात होत्या. आईला घेऊन पुन्हा येणार, तेव्हा रेल्वेने आणि चांगले चार दिवस काढून.