तुम्ही विचारलंत म्हणून: कॅमेरा कोणता घेऊ, आणि ही गाडी अजून का?

लोक मला दोनच प्रश्न विचारतात. दिवाणखान्यातला चिंकाऱ्याचा फोटो बघितला की, "पहिला चांगला कॅमेरा कोणता घ्यावा?" आणि जाताना खाली पार्किंगमध्ये माझी पांढरी मारुती ८०० दिसली की, "अहो, अजून हीच चालवता?" पहिला प्रश्न आदराने येतो, दुसरा काळजीने. गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्या मुलाने एका बैठकीत दोन्ही विचारले. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, शिकवण्या करून साठ हजार साठवलेत, आणि त्याला पक्ष्यांचे फोटो काढायचेत. चहा संपेपर्यंत जमलं तेवढं सांगितलं. उरलेलं आता लिहून काढते, कारण मला हे दोन प्रश्न वेगळे वाटतच नाहीत.

माझा पहिला डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा, २०१२च्या दिवाळीत बोनसवर घेतला. दुकानदार सगळा वेळ यांच्याशीच बोलत होता, "मॅडमना हलका पडेल, साहेब." सोबत दोन किट लेन्स, बॅग, कार्ड, असा सगळा संसार मिळाला. पुढचं वर्षभर नातेवाइकांच्या मुंजी छान आल्या. पक्षी मात्र असे यायचे की फोटो दाखवताना बोट ठेवून सांगावं लागे, "हा इथे बघ, फांदीच्या मागे."

मग हडपसरच्या एका ओळखीच्याकडून दुकानाचा पत्ता मिळाला आणि तिथे सेकंडहँड ३०० एमएमची, लांबचं जवळ आणणारी लेन्स मिळाली. जुनी, जड, काच नितळ. निकॉनच्या त्या काळच्या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती कॅमेऱ्याच्या बॉडीत असावी लागते, हे दुकानदाराने सांगितलं नाही आणि मला माहीत नव्हतं. माझ्या बॉडीत ती नव्हती. लेन्स बसली झकास, पण फोकस हाताने फिरवायचा. भिंतीच्या भोकात डुलक्या घेणाऱ्या पिंगळ्याला ते चालतं. माळावरून तरंगत जाणारा भोवत्या हा शिकारी पक्षी तोवर पुढच्या तालुक्यात गेलेला असतो.

त्यावरून शिकले ते असं, की सोयरीक माउंटशी, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या कड्याशी होते, बॉडीशी नाही. बॉडी पाच-सात वर्षांत बदलेल, लेन्स राहतील. निकॉन आणि कॅनन या दोघांनी २०१८मध्ये फुल फ्रेम मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले कॅमेरे आणले ते नवे माउंट घेऊन, आणि त्यानंतर जुन्या डीएसएलआरच्या उत्तम लेन्स सेकंडहँड बाजारात येऊ लागल्या. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स अडॅप्टर, म्हणजे मधली जोडकडी लावून नव्या मिररलेसवर नीट फोकस करतात. निकॉनच्या मोटरवाल्या जुन्या लेन्सही करतात, बिनमोटरच्या मात्र कंपनीच्या अडॅप्टरवर ऑटोफोकस होत नाहीत. म्हणजे माझी ती ३०० एमएम. घेण्याआधी एवढं एकच विचारा: ही लेन्स या बॉडीवर आपणहून फोकस करते का? आणि दुकानातच लावून बघा, पैसे देण्याच्या आधी.

मुलाचा पुढचा प्रश्न होता फुल फ्रेमचा. सगळ्यांचाच असतो. फुल फ्रेमचा सेन्सर, म्हणजे फोटो ज्यावर उमटतो तो तुकडा, ३६ बाय २४ मिलिमीटर, क्रॉप सेन्सर साधारण २४ बाय १६, म्हणजे क्षेत्रफळात निम्म्याहूनही कमी. अंधारात मोठा सेन्सर जिंकतो, यात वाद नाही. पण पक्षी लांब असतो, आणि छोट्या सेन्सरवर ३०० एमएमची लेन्स ४५० एमएमच्या चौकटीएवढं दाखवते. पक्षी काही मोठा होत नाही, कडेचं कापलं जातं. पण कडेचं मला नकोच असतं.

आता गाडी. आमच्या कोथरूडच्या घरापासून दिवे घाट, सासवड, जेजुरी, मोरगाव करत सुप्याच्या माळापर्यंत सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. जाऊन-येऊन दीडशे धरा. माझी ८०० घाटात दुसऱ्या गिअरवर कुरकुरत चढते, तरी सगळं मिळून नऊ-साडेनऊ लिटर पेट्रोल पिते. म्हणजे हजार रुपये. क्रॉप बॉडी सोडून फुल फ्रेम घेतली आणि तिला शोभेल अशी लेन्स घेतली, तर सहज लाखभर रुपये जास्त जातात. लाख रुपये म्हणजे सुप्याच्या शंभर फेऱ्या, जवळजवळ दोन वर्षांचे सगळे रविवार. हा हिशोब मी त्याला चहाच्या बिस्किटाच्या पुड्यावर करून दाखवला. तो पुडा त्याने घरी नेला.

आणि त्या शंभर फेऱ्यांत गाडी नुसती नेण्या-आणण्याची नसते. माळरानावर झाड नाही, आडोसा नाही. माणूस दोन पायांवर उभा दिसला की चिंकारा अर्धा किलोमीटर लांबून पळतो. तोच चिंकारा उभ्या गाडीकडे बघतो, कान हलवतो आणि पुन्हा चरायला लागतो. गाडी त्याला गाडी वाटते की मोठी म्हैस, देव जाणे. धाविक हा माळावर पळणारा पक्षी तर कधी कधी इतका जवळ येतो की लेन्स त्याच्यावर फोकस करू शकत नाही. एकदा दार उघडलं की खेळ संपला. पाय खाली टेकवायचा नाही, थर्मास शेजारच्या सीटवर, आणि बाकीच्या गरजा मोरगावातच उरकून घ्यायच्या.

इथे माझ्या गाडीची किंमत कळते. तिच्या काचा हाताने फिरवायच्या आहेत. हँडल फिरवत काच पाहिजे तेवढीच खाली आणता येते, आवाज नाही, किल्ली लावायची गरज नाही. इंजिन बंदच हवं, कारण त्याची थरथर लेन्सच्या टोकाला दहापट होऊन पोहोचते. माझ्या भाच्याच्या नव्या एसयूव्हीत आम्ही एकदा गेलो. काच थोडी वर घ्यायची म्हणून त्याने किल्ली फिरवली, तर गाडी टुंग टुंग वाजून पट्टा लावा म्हणाली. पखुर्ड्यांचा, त्या जमिनीवरच्या पक्ष्यांचा, थवा उठून गेला. शिवाय थंडीत हीटर लावून बसलं आणि मग काच उघडली, तर आतली गरम हवा लेन्ससमोरून बाहेर वाहते आणि फोटो मऊ येतो. लोक त्याचा दोष लेन्सला देतात. उन्हाळ्यात नऊनंतर माळावरची हवा नुसती हलत असते, तेव्हाही तेच. माझ्या ८००ला एसी नाही आणि हीटरही कधीचा बिघडलाय, त्यामुळे तो प्रश्न उद्भवला नाही.

अर्ध्या वर काचेवर मी बीन बॅग ठेवते, त्यावर लेन्स. जुन्या जीन्सचा पाय कापून दोन्ही टोकं शिवली की झाली बॅग. पहिल्यांदा त्यात गहू भरले होते.

एक मात्र निक्षून सांगते. गाडी चाकोरी सोडून माळावर घालायची नाही. माळटिटवी, धाविक, पखुर्डी यांची घरटी म्हणजे उघड्या जमिनीवरचा नुसता खळगा, अंडी खड्यांच्या रंगाची. तुम्हाला ती दिसणार नाहीत, आणि चाकाला तर नाहीच नाही. जवळचा फोटो मिळावा म्हणून गवतात गाडी घालणारे मी पाहिलेत. त्यांना मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आताची बॉडी मी २०१९मध्ये सेकंडहँड घेतली, चौतीस हजारांना. शटर काउंट, म्हणजे तोवर काढलेल्या फोटोंचा आकडा, बावीस हजार होता. कंपनी त्या मॉडेलचं शटर दीड लाखावर तपासल्याचं सांगते, म्हणजे आकडा छानच. पण माझ्या गाडीचे मिस्त्री सांगतात, "ताई, मीटर फिरवता येतं, ब्रेकच्या पेडलचं रबर बघा. ते खोटं बोलत नाही." कॅमेऱ्यालाही पकडीचं रबर असतं, ते सुटलंय का, चकाकतंय का बघितलं. एफ १६ ठेवून, म्हणजे लेन्सचं भोक बारीक करून, मोकळ्या आकाशाचा फोटो काढला. सेन्सरवरची धूळ त्यात काळे ठिपके होऊन दिसते. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च आरपार मारला. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी, कितीही स्वस्त असली तरी परत द्यायची. मूळ बिल मागायचं, बस.

बुरशीवरून आठवलं, पावसाळ्यात कॅमेरा त्याच्या बॅगेत ठेवू नका. बॅगेचं अस्तर ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल पुरेसं आहे. गोळ्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतायच्या. कोकणात राहत असाल तर मात्र ड्राय कॅबिनेटला पैसे काढून ठेवा.

आणि गाडी का ठेवली, तर सासऱ्यांनी ती २००७च्या जूनमध्ये घेतली, त्यांची नजर अधू झाली तशी माझ्याकडे आली. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. १ एप्रिल २०२२पासून त्याची फी ६०० रुपयांवरून ५००० झाली, आणि माझी पाळी नेमकी त्याच जूनमध्ये. हरित कर वेगळा. घरात सगळे म्हणाले, भंगारात काढ. मी बिस्किटाच्या पुड्यावर तेव्हाही हिशोब केला होता. पाच वर्षांचे पाच हजार म्हणजे सुप्याच्या पाच फेऱ्या. मारुतीने २०१४मध्ये ८०० बनवणं बंद केलं, तरी सुटे भाग अजून मिळतात, आणि मिस्त्रींना तिचं इंजिन डोळे मिटून उघडता येतं.

तर त्या मुलाला मी सांगितलं ते असं: जुनी, आतच फोकसची मोटर असलेली बॉडी, एक ७०-३०० किंवा जमलंच तर जरा लांबची लेन्स, आणि साठातले दहा हजार पेट्रोलला बाजूला. त्याच्याकडे गाडी नाही, पण त्याच्या वडिलांकडे आहे, काचा बटणाच्या.

काल रात्री त्याचा मेसेज आला. बॉडी आणि लेन्स मिळाली, पकडीचं रबर ठणठणीत. आई जुनी जीन्स शिवून देतेय. खाली विचारलं होतं, "काकू, आत काय भरू?"

लिहिलं, "थर्माकोलचे मणी. गहू, तांदूळ, मका नको. पोरकिडे होतात, आणि मग ते लेन्सच्या पिशवीत जातात."